उजव्या बाजूची पदके

मी, सोमनाथ सावळीराम विधाते, वय वर्षे एक्कावन्न पूर्ण, धंदा सैनिकांची पदके व फिती बसवून देणे, राहणार देवळाली गाव, नाशिक रोड, मूळ गाव सायखेडा, आज तोफखाना दिनाच्या सकाळी, आंघोळ करून व चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. ज्यांनी घालून पाहिले त्यांचे नाव पुढे येईलच. ता. ३ मे १९९९ रोजी केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. कारण कलम तीनमध्ये.

१) सायखेड्याची गोदाकाठची वीस गुंठे जमीन, जीत झेंडू व शेवंती असते, आणि राहते घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत पत्नी साधना हिला. बांधावरच्या दोन आंब्यांवर धाकटे बंधू कोंडाजी हक्क सांगतात. झाडे मी १९७४ साली लावली, पाणीही मीच घातले. त्यांनी आंबे खुशाल खावेत. पाहुण्यांना "आमची झाडं" म्हणून दाखवू नयेत.

२) मी स्वतः सैन्यात नव्हतो, हे कागदावर असू द्यावे. १९७३ साली भरतीत माझी छाती अर्धा इंच कमी भरली. वडील कै. हवालदार सावळीराम तोफखान्यात होते, पासष्ट आणि एकाहत्तर या दोन्ही लढायांत. मी तोंड पाडून घरी आलो तेव्हा म्हणाले, "बाकीच्या पलटणींना निशाण असतं. आमचं निशाण म्हणजे तोफच. तिला डागणारा एक असतो अन् पुसणारे धा. तू पुसणाऱ्यांत ये."

म्हणून १९८२ साली देवळाली कॅम्पात दुकान टाकले. शिक्षण सातवी. कोणती फीत कोणत्या फितीच्या आधी, हे मी जवानांच्या छात्या बघून शिकलो, कोणी शिकवले नाही. हयात सैनिकाच्या छातीवर माझ्या हातची चूक आजवर कोणी दाखवलेली नाही. पुढेही दाखवू शकणार नाही.

३) दुकान. आधीच्या मृत्युपत्रात ते कोंडाजींचा मुलगा महेश यास दिले होते. मुलगी निकिता दहावीपासून माझ्याशेजारी बसून फिती शिवते, तरी ती लग्न होऊन जाणार, या समजुतीने मी तिला वगळले. महेश मला दर दिवाळीला सांगे, "काका, मेडलांचं काय घेऊन बसलात, मोबाइलचं काउंटर टाकू." मी हसत असे. तेव्हाच ओळखायला हवे होते.

डिसेंबर २००४. सायखेड्यात विजय दिनाला माजी सैनिकांचा सत्कार ठरला. आदल्या दिवशी नवसाबाई डेर्ले दुकानात आल्या. त्यांचे यजमान नाईक बुधा डेर्ले एकाहत्तरमध्ये कामी आले. पदके तेहतीस वर्षे बिस्किटाच्या डब्यात होती. मी ती पट्टीवर बसवली, घासून लखलखीत केली आणि सांगितले, "मावशी, डावीकडे लावा. काळजाच्या बाजूला." प्रत्येक वीरपत्नीला मी हेच सांगत आलो होतो.

निकिता म्हणाली, "पप्पा, उजवीकडे. ज्यानं मिळवली तो डावीकडे लावतो. त्याच्यामागं घरच्यांनी लावायची तर उजवीकडे. मी नियमाचं पुस्तक वाचलंय, सुभेदार यादवकाकांना विचारलंय."

पुस्तक इंग्रजीत आहे. मी म्हणालो, "बावीस वर्षं झाली मला. तू कालची."

दुसऱ्या दिवशी मंडपात तिने माझ्यादेखत नवसाबाईंना पदके उजवीकडे लावली. महेश चारचौघांत मोठ्याने म्हणाला, "पोरीनं काकांचं नाक कापलं. मावशी, इकडं या, मी नीट लावून देतो." आणि त्याने हात पुढे केला. निकिता मध्ये उभी राहिली. "महेशदादा, हात लावायचा नाही. बाजू चुकीची निघाली तर दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही मी."

मी तिच्या बाजूने बोललो नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

तेवढ्यात पाहुणे म्हणून आलेले निवृत्त कर्नलसाहेब व्यासपीठावरून उतरले. नवसाबाईंसमोर आले, पदके बघितली, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम केला. मग विचारले, "इतकं अचूक कोणी लावलं?" नवसाबाईंनी निकिताकडे बोट केले. "या पोरीनं. तिचा बाप नको म्हणत व्हता."

सारा मंडप हसला. मीही हसलो, जरा उशिराने. मग सुभेदार यादव उभे राहिले, त्यांच्यामागे गावातले सगळे माजी सैनिक. माझ्या मुलीसाठी टाळ्या वाजत होत्या आणि माझी अर्धा इंच कमी छाती त्या दिवशी पुरून उरली.

सबब, दुकान, शिलाई मशीन, पितळी पट्ट्या, फितींचे चौदा डबे व "विधाते" ही पाटी माझ्या पश्चात निकिता हिची. लग्न झाले तरी तिचीच, पाटी बदलायची की नाही तेही तिने ठरवावे. महेश यास माझी स्कूटर. किक मारावी लागते, थोडा व्यायाम होईल.

४) दुकानाला एक अट आहे. माझ्या वहीप्रमाणे एकोणीस वीरपत्नींना मी चुकीची बाजू सांगितली. पंधरा जणींच्या घरी मी स्वतः जाऊन चूक कबूल करून आलो. चौघी राहिल्या, पैकी एक मालेगावला, तीन पेठकडे. माझ्याने झाले नाही तर निकिताने जावे. फोन चालणार नाही. चहा घेऊनच उठावे.

५) वडिलांची चार पदके. त्यांच्या पश्चात १९८९ ते २००४, सोळा स्वातंत्र्यदिनांना मी ती गावात डावीकडे लावून मिरवली. म्हणजे जी मी मिळवली नव्हती ती मिळवल्यासारखी. अज्ञानाने केले, पण केले. यंदा पंधरा ऑगस्टला उजवीकडे लावली. ध्वजवंदनानंतर सुभेदार यादव जवळ येऊन म्हणाले, "सोमनाथ, आता सावळीरामचा पोरगा शोभतोस." इतकी वर्षे मला स्वतःची पदके हवी होती. त्या दिवसापासून नकोत.

ही पदके माझ्यामागे निकिताने लावावीत. माझ्या अंगावर, तिरडीवर किंवा फोटोवर लावू नयेत. बाजू तिला सांगण्याची गरज नाही.

ज्याला लाभ त्याची साक्ष नको, हा माझा नियम. म्हणून नवसाबाईंना द्यायचे लुगडे मी हयातीतच देऊन टाकले आहे. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला, त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

ठिकाण : देवळाली कॅम्प, नाशिक
तारीख : २८ सप्टेंबर २००५

सही : सोमनाथ सावळीराम विधाते

साक्षीदार :
१. यादव रामजी बोडके, सुभेदार, तोफखाना (निवृत्त). सही.
२. नवसाबाई बुधा डेर्ले, राहणार सायखेडा. डाव्या हाताचा अंगठा.

टीप : अंगठा देतेवेळी साक्षीदार क्र. २ यांनी पदके उजव्या बाजूस लावलेली होती. सो. सा. वि.