दांडीतले ठोके

३ नोव्हेंबर, सेंदाई, जपान
पोचले एकदाची. लेक कौमुदी स्टेशनावर पोट सावरत उभी होती. सातवा लागलाय, गाल वर आलेत. घर छान, कचऱ्याचे मात्र सतराशे साठ डबे. जावई अंबरीष संशोधक. खालच्या खोलीत त्यांनी ॲल्युमिनियमची जाडजूड दांडी तारेने टांगलीय. आभाळात तारे आदळले की लाट येते म्हणे, दांडी थरथरते, सर्किट ती थरथर पकडून स्पीकरवर ऐकवतं. किती आल्या विचारलं, तर एकही नाही. भूकंपाचा इशारा आला किंवा वीज गेली की लोखंडी पंजे आपोआप दांडी घट्ट धरतात, तार तुटू नये म्हणून. तेवढं पटलं.

९ नोव्हेंबर
डोहाळजेवण केलं. दांडी तपासायला तिच्यात मुद्दाम थरथर सोडतात. जावयांना हौस. दवाखान्यातून रेकॉर्ड करून आणलेले बाळाचे ठोकेच सोडले. कौमुदी हसली. मी म्हटलं, पोटातल्या जिवाचा खेळ करू नये. म्हणाले, आई, अर्ध्या तासात विरेल.

१२ नोव्हेंबर
कसलं विरतंय. ठोके सोडणारी वायर काढली तरी दांडी धडधडतेच, रोज जास्त. आणि पोटातलं बाळ हलेना. मी भांडले. जावई म्हणे असं जगात कुठे झालं नाही, मोजू द्या. मोजा म्हटलं, बायको गेली खड्ड्यात.

१५ नोव्हेंबर
दवाखान्यात बाळाचे ठोके मंद लागले. घरी आले ती तडक खाली. दांडी दोन्ही हातांनी आवळली. आवाज थांबला. वर कौमुदी किंचाळली, आई, थांबलं गं. मी हात सोडले. दांडी पुन्हा सुरू, तेव्हा पोटात हललं.
बाळाचा जीव दांडीत अडकलाय. आता जावई रडतायत. आता.

१६ नोव्हेंबर
पंजे आधी काढा म्हटलं, त्यांनी दांडी धरली तर ठोके थांबतील. तर बोल्टाचा पाना विद्यापीठात. एवढा शिकलेला माणूस, घरात पाना नाही. गेलेत आणायला. मी दांडीपाशी बसलेय. ठोके चालू. वर कौमुदी पडलीय. मेला अजून कसा येत नाही—

फोन ओरडतोय, भूकंपाचा इशारा. वरचाही. शेजारचेही—

पंजे हलले. डावा हात मधे घातला. दांडीला लागता कामा नये— दाबतायत. बोटं गे— जाऊ देत— ठोके आहेत अजून— आहेत— जमीन—