कार्डाची मागची बाजू

१८ जानेवारी, रविवार
सकाळचे नऊ

प्रिय मुंगी,

प्रकृती ठीक असेलच; काल व्यासपीठावर चांगली टुणटुणीत दिसलीस. माझीही बरी आहे, गुडघे वगळता.

काल, शनिवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, ग्रंथपालांच्या विभागीय परिषदेत प्रमुख वक्ता म्हणून तू जे बोललीस, त्याबद्दल हे पत्र आहे. सभागृहातलं घड्याळ पुढे होतं. वेळ माझ्या मनगटावरची आहे.

"संगणक आला आणि छत्तीस हजार कार्डं आम्ही एका दुपारीत रद्दीला घातली. एकाचंही तोंड पाहिलं नाही!" लोक हसले. तूही हसलीस.

मी शेवटून दुसऱ्या रांगेत होते. शेजारच्या बाईंनी आपुलकीने विचारलं, मावशी, तुम्ही कुणाबरोबर आलात? जणू मला तिथे बसवून कुणीतरी चहा आणायला गेलं होतं. मी म्हटलं, त्या बोलतायत ना, त्यांना शिडीवर चढायला मी शिकवलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी माझ्या अक्षराला वळण लावलं, जिभेला लावायचं राहून गेलं.

पुस्तकागणिक नोंदीचं एक कार्ड, आणि त्या छत्तीस हजारांतली निम्मी तरी माझ्या हातची होती. तुला ती खोली आठवते? उत्तरेची खिडकी, डिंकाचा वास, खणातली कार्डं ओवणारी ती पितळी सळई. वाचनकक्षात बोलायची बंदी, आणि तुझी जीभ तर सारखी खाजायची. म्हणून कार्डांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायची खोड तू काढलीस. पाककृतींच्या पुस्तकाच्या कार्डामागे लिहिलंस, 'वकीलसाहेब रोज यावर डोकं टेकून घोरतात.' मी खाली लिहिलं, 'घोरू देत. पानं उलटत नाहीत, पुस्तक टिकेल.' मी वरिष्ठ होते, तुला रागवायला हवं होतं. पण सकाळी पहिला खण उघडताना मला जो आनंद व्हायचा, तो पुढे कशातच झाला नाही.

आता ॲटलासबद्दल. इतके दिवस टाळलं.

वार्षिक तपासणीत तो मोठा ॲटलास सापडेना, तेव्हा मी सगळ्यांदेखत तुला विचारलं, "घरी नेलास का?" त्या दिवसापासून तू मला ताई म्हणायची थांबलीस आणि मॅडम म्हणू लागलीस. दीड वर्षाने तो मिळाला. नकाशांच्या कपाटाच्या माथ्यावर, आडवा. रंगकामाच्या वेळी मीच ठेवला होता आणि नोंद केली नव्हती. अशा चुकीबद्दल दुसऱ्या कुणाला मी फाडून खाल्लं असतं.

तोंडाने मी चकार शब्द काढला नाही. त्याच्या कार्डामागे पेन्सिलीने लिहिलं. सापडलेल्या पुस्तकाच्या कार्डावरची 'गहाळ' ही खूण खोडायचं काम तुझं, तेव्हा कार्ड तुझ्या हाती जाणार हे ठरलेलंच होतं. खूण खोडली गेली. मागे उत्तर आलं नाही. निवृत्त होईपर्यंत, चार वर्षं, मी रोज तो खण उघडत होते. तुला वाटलं असेल, बाईंना नोंदी तपासायची हौस आहे.

मी धरून चालले की वाचूनही तू गप्प राहिलीस. म्हणूनच निरोप समारंभात तुझा गुच्छ मी हातात घेतला नाही, टेबलावर ठेवायला सांगितला. काल तुझं ते वाक्य ऐकून पहिल्यांदा मनात आलं, की तू कार्ड उलटलंच नसशील. मग निवृत्तीपासूनची अकरा वर्षं मी रुसले कुणावर?

कार्ड आता लगदा झालं असेल. म्हणून त्यावरचा मजकूर इथे शाईने पुन्हा लिहिते: चूक माझी होती. तुझ्यावर संशय घेतला, हे माझं मलाच सहन होत नाही. पुन्हा ताई म्हण.

वाचलं होतंस की नाही, एवढंच कळव. लेखी. फोन करू नकोस; फोनवर मी पुन्हा काहीतरी तोडून बोलेन. शनिवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. 'वाचलं होतं' असं असलं, तरीही.

तुझ्या उत्तराला भिणारी,
ताई