मराठी आकड्यांचं कुलूप

१२ जानेवारी, सोमवार

सकाळपासून फोन, फोन, फोन! काल आमच्या पाणी संस्थेची साईट ज्यावर चालते त्या पीएचपीची नवी आवृत्ती मी चढवली. होस्टिंगवाल्यांनी जुनी बंद करणार म्हणून तंबीच दिली होती. आणि आज निम्मे सभासद बाहेर. स्क्रीनवर ४०१. म्हणजे सर्व्हर विचारतो, तुम्ही कोण?

नर्मदाबाई तर फोनवर भांडायलाच उठल्या. "अगं महेश्वरी, मला इचारायलंय कोण म्हणून! सासूनं बी कधी असं इचारलं न्हाई!"

हसले खूप. पण प्रकरण हसण्यावारी न्यायचं नाही. यादीतून आपलं नाव निवडायचं, पिन टाकायचा, पाण्याची पाळी धरायची किंवा दुसऱ्यासाठी सोडायची — गोदावरीवरच्या मोटरीचं पाणी कुणाच्या रानात जाणार ते त्यावर ठरतं. सध्या हरभऱ्याचे घाटे भरतायत. साईट ज्याने बनवली तो गडी फोन उचलत नाही. न उचलू दे. सोनपेठच्या स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान टाकून बसले म्हणून मला काही येत नाही असं कुणी समजू नये!

१३ जानेवारी, मंगळवार

भोगीची भाजी, बाजरीची भाकरी हाणली आणि बसले. दुपारपर्यंत चोर सापडला. नव्या आवृत्तीबरोबर पीएचपी चालवायची पद्धतही बदलली होती, त्यामुळे मोबाईल अ‍ॅपवरून आलेलं नाव आणि पिन अपाचे नावाचा सर्व्हर दारातच ठेवून घेत होता. आत पोचवतच नव्हता. बेरकी द्वारपाल! सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ घातली — अ‍ॅपवाले आत यायला लागले. झालं! स्वतःची पाठ स्वतःच थोपटली, दुसरं आहेच कोण इथं थोपटायला.

संध्याकाळी थोरल्या काकांचा फोन. काका म्हणजे चंद्रप्पा, संस्थेचे चेअरमन. "माझं तर अजून घेईना झालंय, बाई."

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काका बाहेर, नर्मदाबाई बाहेर, गौराआत्या बाहेर. राजशेखर, भक्ती, सगळी तरणी मंडळी आत! सर्व्हरला वय कळतं की काय? साईटची कॅश साफ केली, सेशन तपासले. शून्य. तिळगूळ खाऊनही तोंड कडूच.

१५ जानेवारी, गुरुवार

आत्या दुकानात आली! वर्षभर आमच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता तिने.

गेल्या वर्षी ऐन हरभऱ्यात तिच्या नावावरून तिची पाळी सोडून दिलेली निघाली. ती म्हणत राहिली, मी सोडलीच न्हाई. कुणी ऐकेना. पीक डोळ्यांदेखत वाळायला लागलं तेव्हा तिने स्वतःच जाऊन व्हॉल्व फिरवला. झालं — पाणीचोर! बैठकीत संस्थेचे जुने सभासद सिद्धोधनमामा म्हणाले होते, "पिन हिचा, बोट हिचं. मशीन कशाला खोटं बोलंल?" आत्याने गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन शपथ घेतली. आम्हा लिंगायतांत याच्या पुढची शपथ नाही. तरी लोकांनी मशीनवरच विश्वास ठेवला. तिचे सख्खे भाऊ, आमचे काका, चेअरमनच्या खुर्चीत बसून होते, त्यांनीही तिची बाजू घेतली नाही.

परवाच्या बैठकीत तिचं सभासदत्व कायमचं काढायचा ठराव आहे. म्हणजे तिच्या रानाला पाणी बंद.

"माझं चालू करून दे," म्हणाली. "शेवटची पाळी तरी धरते."

मी म्हटलं, माझ्यासमोर टाक पिन. तिने टाकला. मी बघतच राहिले. ४५१२. मराठी आकड्यांत!

मग आठवलं. साईट सुरू झाली तेव्हा काकांनीच ठराव केला होता — संस्थेचा कारभार मराठीतच, पिनसुद्धा. जुन्या माणसांनी तो पाळला. आम्ही पोरांनी गुपचूप इंग्रजी आकडे टाकले.

१६ जानेवारी, शुक्रवार

सापडलं! सगळं सापडलं!

साईट बनवणाऱ्या त्या शहाण्याने पिनसाठी फक्त इंग्रजी आकडे मावतील असा रकाना केलेला. मराठी आकडा आला की पीएचपीला तो आकडाच वाटत नाही, म्हणून तिथे शून्य साठवलं जायचं. काकांचा पिन शून्य, आत्याचा शून्य, नर्मदाबाईंचा शून्य. आणि जुनं पीएचपी इतकं भोळं, की शून्य आणि कुठलाही शब्द शेजारी ठेवला की म्हणायचं, दोन्ही सारखेच! नव्याला ते पटत नाही. म्हणून म्हातारी मंडळी बाहेर.

म्हणजे बिघाड आता झालेला नाही. कुलूप आत्ता लागलंय. इतकी वर्षं दार सताड उघडं होतं, आणि प्रत्येकाला वाटायचं किल्ली आपल्याच कनवटीला आहे.

लॅपटॉपवर जुनी आवृत्ती लावून बघितलं. काकांचं नाव निवडलं, पिनच्या जागी 'गाढव' लिहिलं. उघडलं! 'वांगं' लिहिलं. उघडलं! म्हणजे आत्याची पाळी कुणीही सोडली असेल. ती खरं बोलत होती आणि आम्ही सगळ्यांनी तिला खोटं पाडलं. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

धावत काकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "जुनं कशाला उकरायलीस? लॉगिन चालू कर, लय झालं."

लय नाही झालं! उद्या बैठकीत लॅपटॉप घेऊन जाणार.

१७ जानेवारी, शनिवार

काय बैठक झाली! सिद्धोधनमामा ठराव वाचायला उठले. मी म्हटलं, मामा, एक मिनिट. त्यांचंच नाव निवडलं, जुनी आवृत्ती लावलेला लॅपटॉप नर्मदाबाईंपुढे सरकवला. यांच्या पिनच्या जागी वाटेल ते लिहा.

नर्मदाबाईंनी चष्मा लावला, एकेक अक्षर शोधून लिहिलं — 'येडा'.

उघडलं! मामांची पाळी सगळ्यांसमोर! आधी कुणाला कळेना, मग जे हसू फुटलं! मामा तेवढे हसले नाहीत. ठराव घडी करून खिशात घातला. "मग ह्या बाईला आपण उगंच..." म्हणाले आणि खाली बसले.

आत्या मात्र हसली नाही. "मी सांगत हुते की," एवढंच म्हणाली. मग पदराने डोळे पुसले.

"पर सोडली कुणी मग?" कुणीतरी विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, कुणीही असेल, आता कळायला मार्ग नाही. सगळ्यांचे पिन नव्याने करून दिले. रकानाही दुरुस्त केला — आता मराठी आकडे चालतात. काका हिशेब देऊन लवकर उठून गेले.

१८ जानेवारी, रविवार

काका आले. बसले नाहीत. "गेल्या वर्षी माझं रान मोकळं हुतं, म्हणून माझी पाळी सोडाया गेलो. यादीत माझ्याखाली गौराचं नाव, बोट तिथं पडलं. पिन माझाच टाकला, तरी घेतला. माझ्या मोकळ्या रानात पाणी आलं तवाच कळलं हुतं मला."

वर्षभर!

"तूच सांग तिला," म्हणाले. मी नाही सांगणार. चपला घातल्या, त्यांना पुढे घातलं, आत्याच्या दाराची कडी वाजवली आणि मी एकटीच परत फिरले.