चार-दहाची गळती

३ मार्च, सोमवार

नोकरी जवळजवळ गेलीच! एका संस्थेची ऑनलाइन सभा होती. बोललेलं जसंच्या तसं टाइप करायचं आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी ते पडद्यावर वाचायचं — हे माझं काम, घरी बसून. अध्यक्ष म्हणाले, "मी राजीनामा देणार नाही." त्यातलं 'नाही' वाटेतच गळालं. मी आपलं टाइप केलं, "मी राजीनामा देणार." तिघांनी लगेच टाळ्यांची चित्रं पाठवली. अध्यक्षांचं तोंड बघवेना.

मॅडमचा फोन — "महिनाभर चाललंय हे. पंधरा दिवस देते. लाइन सुधारा, नाहीतर मुख्य ऑफिसात येऊन बसा." मुख्य ऑफिस नऊ तासांवर! म्हणजे मी तिथे, घर इथे.

४ मार्च

नवऱ्याचं निदान: पॅकेट लॉस. आवाजाचे बारीक तुकडे करून पाकिटांतून पाठवतात म्हणे, काही वाटेत हरवतात. "मग शोध की!" म्हटलं. "पाकिटं नाही, कारण शोधायचं असतं." मोठा आला शहाणा! सकाळी शंभर पाकिटं पाठवून पाहिली. शंभरच्या शंभर पोचली. डॉक्टरसमोर दुखणं कधी दिसलंय?

मामंजी मागे येऊन उभे. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं लाइनमन होते. "अगं, जोड तर मी—"

"बाबा, हे सगळं नवीन आहे, तुम्हाला नाही कळायचं." माझ्या तोंडून निघून गेलं. ते चारला नेहमीसारखे फिरायला गेले.

६ मार्च

राउटर कपाटावर ठेवला — लॉस. खिडकीत — लॉस. मायक्रोवेव्ह बंद ठेवला, नवरा थंडगार जेवला — तरी लॉस. मग वायफाय सोडून थेट वायर ओढली. घरातला प्रत्येक जण तिला अडखळून एकेकदा पडला. लॉस!!

७ मार्च

नेटवाला तीनला आला. "बंद करून चालू केलं का?" अकरा वेळा केलं! तो असेपर्यंत लाइन गाईसारखी गरीब. चारला त्याची पाठ वळली, आणि हिचा धिंगाणा सुरू.

१० मार्च

परवा दर दहा मिनिटांनी पाकिटं मोजायचा कार्यक्रम लावला. सकाळी शून्य, दुपारी शून्य. चार वाजून दहा — बावीस गायब! सहापर्यंत तशीच खोडी. तीन दिवस झाले, रोज चार-दहा. ही लाइन आहे की सरकारी नोकर?

१२ मार्च

सापडलं! काय लिहू, हसू की रडू.

नवऱ्याला पडद्यासमोर बसवलं आणि चारला गच्चीवर गेले. नेटवाल्याची वायरींच्या जोडांची पेटी तिथेच. झाकण उघडं. समोर स्टुलावर मामंजी! पायाशी हत्यारांची जुनी पिशवी. एकेक वायर बोटांत धरून हलकेच पिळून, ओढून बघत होते.

"बाबा! काय करताय?"

"जोड तपासतोय. रोज एकदा हलवून बघायचा, आमची शिस्तच होती ती. पेटी बसली तेव्हापासून येतोय ना! अलीकडे तुझी वायर फार सैल लागते गं. म्हणून तिला जरा जास्तच बघतो."

सैल का लागणार नाही? महिनाभर रोज कान पिळल्यावर!

त्या दिवशी ते हेच सांगत होते. वाक्य मीच तोडलं. आठ दिवस फुकट गेले.

१३ मार्च

नेटवाल्याने वायरचं टोक बदललं. पेटीला कुलूप, किल्ली माझ्याकडे. चार-दहाला शून्य!

१७ मार्च

मॅडम म्हणाल्या, "आवाज स्वच्छ आहे. घरूनच करा." मी उडी मारली, नवऱ्याने माझ्याहून उंच मारली. मामंजी "छान झालं" म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला.

२० मार्च

मामंजी चारला उठतात, जिन्यापर्यंत जातात, परत येऊन बसतात. "फिरून या ना," म्हटलं तर म्हणतात, "कुठे जाऊ?" आज म्हणाले, "ती पिशवी भंगारात देऊन टाक." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. एवढं वाईट वाटतंय! लाइन सुधारली आणि माणूस बिघडवून ठेवला मी.

२३ मार्च, रविवार

आज सभा नव्हती. दुपारी गच्चीवर जाऊन पेटी उघडली, आमची वायर अर्धी उपसून ठेवली आणि पुन्हा कुलूप लावलं. खाली येऊन ओरडले, "बाबा, लाइन तुटतेय हो! नेटवाल्याची सुट्टी आहे. बघता का?"

माझ्याकडून किल्ली आणि ती जुनी पिशवी घेऊन चप्पल न घालताच गेले. पाऊण तासाने हात पुसत खाली आले.

"कुणीतरी मुद्दाम सैल केली होती," माझ्याकडे न बघता म्हणाले. "असला बिघाड एकदा येऊन थांबत नाही. दर रविवारी येईल बहुतेक."