किरणांचं गाऱ्हाणं

बाबा, सोमवारपासून मला किरणं द्यायला सुरुवात होणार आहे. डाव्या छातीतली गाठ काढून झाली, जखमही भरली. आता मागे काही राहिलंसाहिलं असेल तर ते जाळायचं, म्हणून काही आठवडे रोज गोव्याच्या इस्पितळात जायचं आहे. गावात याला शेक म्हणतात, आणि शेक म्हटलं की आई चुलीकडे बघते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता मला मुद्दाम आठवावा लागतो. एक बोलणं मात्र अजून जसंच्या तसं कानात आहे, आणि नेमकं त्याच्याचबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

ओरोसच्या इस्पितळात एक्स-रेच्या कामावर रुजू व्हायला निघाले ती सकाळ. मी पायरीवर उभी आहे, खांद्याला पिशवी, कान बसच्या आवाजाकडे. तुम्ही तुळशीपुढे नारळ ठेवता. कुणाची विहीर असो की कुणाचं लग्न, देवापुढे गाऱ्हाणं घालायला गाव तुम्हालाच बोलवायचं; तेव्हा स्वतःच्या लेकीचं गाऱ्हाणं आटोपशीर होणार नाही, हे मला ठाऊकच होतं. गावच्या झाडून साऱ्या देवांना हाका मारून झाल्या आणि मग तुम्ही म्हणालात, "बा देवा म्हाराजा, ह्यां माझां चेडू आज मशनीच्या कामाक जाता. त्या मशनीत जी काय किरणां आसत, ती मशनीतच रवांदेत. माझ्या चेडवाच्या आंगाक शिवा नयेत, असां कर रे म्हाराजा." आई आणि शेजारचे काका एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा." मला हसू आवरेना. देवाकडे पाऊस मागतात, नोकरी मागतात. किरणं अडवणाऱ्या शिशाच्या भिंतीचं काम त्याच्यावर सोपवलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग एकदा छातीला लावायचा तो बिल्ला मी विसरून तसाच घरी घेऊन आले. तुम्ही तो तळहातावर घेऊन उलटासुलटा केलात. अंगावर किती किरणं पडली ते हा मोजतो म्हटल्यावर लगेच विचारलंत, मग आज किती? ते असं रोज कळत नाही, बिल्ला तपासायला लांब पाठवतात, असं मी सांगितलं. तरी रोज संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच तुमचं सुरू, आज किती? शेवटी एकदा जेवताना वैतागून मी सगळंच सांगून टाकलं. किरणं काही माझ्याच खोलीत नसतात. ती आभाळातून येतात, अंगणातल्या मातीतून येतात, या घराच्या चिऱ्यांतून येतात. केळ्यात असतात, आपल्या हाडांतसुद्धा असतात. जमिनीतून एक वायू निघतो, तो कोंदट घरात साठतो. पण हे सगळं इतकं थोडं, की त्यातच माणसं म्हातारी होतात. आईने सोललेलं केळं तसंच हातात धरून, ते खायचं की नाही तेवढं सांग, म्हटलं. तुम्ही मात्र घास खाली ठेवून पाठीमागच्या भिंतीवर हात टेकलात. ते चिरे तुम्ही स्वतः खाणीवर उभं राहून निवडून आणले होते. "घरातली नि मशनीतली, दोनय एकच गो बाय?" एकच, मी म्हटलं, किती आणि किती वेळ, एवढाच काय तो फरक. दुसऱ्या दिवशी तुम्ही माजघराची कधीची बंद असलेली खिडकी ठोकून ठोकून उघडलीत. मांजर आत येतं म्हणून आई कुरकुरली. आता ती स्वतःच रोज सकाळी ती उघडते, आणि का म्हणून विचारलं तर म्हणते, ह्यांनी सांगितलंय.

गाठ असल्याचं कळल्यावर गावाने निकाल लावून टाकला, मशीनमुळे झालं. आईलाही तसंच वाटतं, फक्त ती बोलून दाखवत नाही. कशामुळे झालं ते छातीठोकपणे कुणालाच सांगता यायचं नाही. पण बिल्ल्याचे सगळे अहवाल मी पाहिलेत, बाबा. त्यांत घाबरण्यासारखं कधीच काही निघालं नाही. तुमचं गाऱ्हाणं देवाने ऐकलं, असं म्हणायला हरकत नाही. माझी खरी अडचण इथूनच सुरू होते.

परवा खुणा करायला बोलावलं होतं. कामावरची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने छातीवर शाईने रेघा आखल्या आणि साबणाने घासू नका म्हणून बजावलं. मग, अजिबात हलू नका, असं सांगून ती बाहेर गेली आणि दार लागलं. हे वाक्य मी नोकरीभर बोलत आले आणि बोलून दरवेळी काचेआड गेले. आत राहणाऱ्याला दार लागल्याचा आवाज एवढा मोठा येतो, हे मला माहीत नव्हतं. त्या खोलीत पडल्या पडल्या तुमचं गाऱ्हाणं आठवलं. पण आता किरणं शिवायला हवीत. मशीनमध्ये राहून चालायचं नाही. शाईने आखलंय तिथे नेमकी लागायला हवीत, आणि पलीकडच्या काळजाला सांभाळून. डॉक्टरांना मी म्हटलं, मी यातलीच आहे, मला कसली भीती? खरं सांगते, भीती आहे, पण किरणांची नाही. देव अजून तुमचंच ऐकत असेल, ही आहे.

आज दिवेलागणीला तुळशीपुढे नारळ ठेवला आणि माझं मीच गाऱ्हाणं घालायला उभी राहिले. "बा देवा म्हाराजा, माझ्या बापाशीन तुका जां सांगलेलां," इथपर्यंत म्हटलं आणि पायरीवर येऊन बसले. आई दारात हात जोडून होकार द्यायला थांबली होती. शेवटी ती आत गेली. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून पाकीटही आणलेलं नाही. पण घातलेलं गाऱ्हाणं ज्याचं त्यानेच फिरवावं, असं मला वाटतं. तेवढं सोमवारच्या आत करा, बाबा. तुम्ही घाला. या वेळी मी हसणार नाही. व्हय म्हणायला मी आहे.