सुमनला भेटायला येणारे

६ फेब्रु.
सुमनला पनवेलहून रोह्याला घरी आणलं. केमोचा दुसरा डोस झाला. डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात, साधे जुलाबही झेपणार नाहीत. जवळ जाणाऱ्याने आधी साबणाने हात धुवायचे. पडवीत बादली, तांब्या, साबण मांडला. सु. म्हणते, लग्नघर वाटतंय.

७ फेब्रु.
सकाळी पेणहून अक्का, माझी थोरली बहीण. एसटीतून उतरली ती थेट खोलीत. सु.च्या गालांवरून हात फिरवला. मी बघत राहिलो. थोरली ना.
दुपारी आदिवासी वाडीवरची जनी. सु. लग्न होऊन आली तेव्हापासून दोघी शेतात बरोबर. पडवीत पाऊल टाकते तोच म्हटलं, "जने, आधी हात धू." तिने कोरड्या साबणाकडे, मग आत बसलेल्या अक्काकडे पाहिलं. आणलेली बोरं पायरीवर ठेवून निघून गेली.

८ फेब्रु.
 जेवताना सु. एवढंच म्हणाली, "अक्कांना का नाही सांगितलं?"
अक्काला भ्यालो म्हणून. तेवढंच कारण असावं. की…

९ फेब्रु.
वाडीवर गेलो. जनी लाकडं फोडत होती. डॉक्टरांचं सगळं सांगितलं.
"धुवायला माझं काय जातंय? पन तुमच्या बहिनीला नाय सांगितलं. मलाच सांगितलं."
"चुकलं माझं."
कुऱ्हाड थांबली नाही. निघालो तेव्हा मागून, "जेवते का ती?"

११ फेब्रु.
अक्का परत आली. पडवीतच अडवली.
"मी परकी हाय?"
"नाय, म्हणून तर सांगतोय."
तोंड फुगवून हात धुतले. निम्मा साबण संपवला. आतून सु.चं हसू ऐकू आलं. किती दिवसांनी.

१२ फेब्रु.
सु.ला कणकण. डॉक्टरांना फोन. ताप चढला तर लगेच आणा म्हणाले. बॅग भरली, रिक्षावाल्याला सांगून ठेवलं. चारच्या सुमारास ताप उतरला. अक्का देवापुढून उठलीच नाही.

१४ फेब्रु.
जनी आली. न सांगता कोपरापर्यंत हात धुतले. मग मला, "तुमी धुतले का?" मी गोठ्यातून आलो होतो. धुतले.
सु.च्या उघड्या डोक्यावरून हात फिरवत बसली. "केस कुठं टाकून आलीस गो?" सु.ला हसताना खोकला आला. मी उठलो, सु.ने हातानेच बस म्हटलं.
उद्या रक्त तपासायचं. पेशी वाढल्या असतील तर तिसरा डोस. नसतील तर काय, विचारलं नाही. दोघी अजून बोलताहेत. चहा ठेवतो.