म्हातारे, हाक नको मार

१६ नोव्हेंबर, मोहतळी

पोचले एकदाची! चिमूरहून निघालेल्या ऑटोत माझ्या मांडीवर दुसऱ्याची कोंबडी आणि माझी पिशवी तिसऱ्याच्या मांडीवर, पण पोचले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मच्छीमार सोसायटीची खोली महिनाभरासाठी मिळाली आहे. जाळ्यांचा वास भिंतींत मुरलाय, पण खिडकी उघडली की समोर नुसतं पाणी. सोसायटीचे इस्तारीभाऊ साठीचे आहेत आणि भलतेच बोलके. डबा त्यांच्याच घरून येणार. आज त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी, तलावातल्या मासळीचा रस्सा आणि नव्या तांदळाचा भात पाठवला. मी दोन माणसांचं जेवले.

पुस्तकं लिहिते, एवढंच सांगितलं. कसली ते नाही सांगितलं. लेकरांना घाबरवून पोट भरते, हे पन्नाशीच्या बाईनं पहिल्याच दिवशी बोलू नये. बावीस पुस्तकं झाली. शाळाशाळांतून मला 'भुताची मावशी' म्हणतात. मागच्या तीन पुस्तकांकडे मात्र काळं कुत्रं फिरकलं नाही, म्हणून प्रकाशकांना आता 'पाळीवरची म्हातारी'चा दुसरा भाग हवाय. ते माझं पहिलं पुस्तक. त्याच्या चौदा आवृत्त्या निघाल्या आणि त्यावरच माझं नाव झालं. ते घडतं याच मोहतळीत, आणि मोहतळीत मी पाय ठेवला तो आज! वाचकांना कळलं तर हसतील.

दिवेलागणीला पाण्याकडून कुणाची तरी पोर आईला हाका मारत होती. माय वं, माय. अगदी लांब सुरात. फार गोड वाटलं.

१७ नोव्हेंबर

आज अंगावर मूठभर मांस चढलं. पाळीच्या टोकाला एक एकटं घर आहे. दाराशी खड्यांचा हा ढीग. शाळेत जाणारी पोरं तिथे थांबली, प्रत्येकानं दारावर पाच-पाच खडे मारले आणि मागे न बघता धूम ठोकली. पळताना ओरडत होती:

पाच खडे, एकच दार,
म्हातारे, हाक नको मार!

माझ्या ओळी! माझ्या पुस्तकातली म्हातारी दिवेलागणीला पाळीवर बसून मुलांना नावानं हाका मारते, आणि तिसऱ्या हाकेला जो ओ देतो तो पाण्यात जातो. त्यावर हा पाच खड्यांचा उपाय. संपादक म्हणाले होते, शेवटी उपाय द्या, नाहीतर आईबाप पुस्तक विकत घेत नाहीत. मला तो पोहे खाताना सुचला होता.

मी साळसूदपणे इस्तारीभाऊंना विचारलं, ही काय पद्धत? ते म्हणाले, "लय जुनी हाय बाई. माह्या आज्याच्या आधीपासून." मी हसू दाबलं. जेमतेम सोळा वर्षांची आहे हो, मी जन्माला घातलीय.

त्या घरात कोण राहतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

१९ नोव्हेंबर

राहून गेलं नव्हतं. मी मुद्दाम विचारलं नव्हतं. इथे तरी खरं लिहावं.

आज सकाळी ती दिसली. वाकून दाराशी पडलेले खडे घमेल्यात भरत होती आणि पाळीवर जिथे माती खचली आहे तिथे नेऊन टाकत होती. खाली बसताना डावा हात कमरेवर टेकवायची तिची सवय मी लगेच ओळखली. रंभा.

सतरा वर्षांपूर्वी आई बल्लारपूरला भावाकडे होती. तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती केलं, तेव्हा शेजारच्या खाटेवर रंभा तापानं पडली होती. तिची सात वर्षांची रिंकू तलावात बुडालेली. रंभा मला सांगायची की पाण्यात गेलेलं लेकरू वाट चुकतं, म्हणून दिवेलागणीला मायनं पाळीवर बसून हाक मारायची असते. तापातही ती खाटेवरून हाक मारायची आणि सगळा वॉर्ड गप्प व्हायचा. मीही रडले होते. रडून झाल्यावर जिन्यात जाऊन सगळं वहीत लिहून काढलं.

पुस्तकात तिचं नाव बदलायचं मला सुचलं. गावाचं बदललं नाही. तिच्या केसपेपरवर वाचलेलं 'मोहतळी' तोंडात छान घोळत होतं. आणि म्हातारी? तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. माझ्याच वयाची होती. लेकराला बोलावणारी आई लिहिली तर घाबरणार कोण, म्हणून तिला म्हातारी केली, दुसऱ्यांची लेकरं ओढणारी केली. आणि त्यावर बक्षीस घेतलं.

मला स्वतःची लाज वाटते आहे. हे वाक्य बावीस पुस्तकांत एकदाही लिहिलेलं नाही.

२० नोव्हेंबर

तिच्याकडे गेले. तिला ऐकू येत नाही. एक कान दगडानं गेला, दुसरा हळूहळू. मी जमिनीवर कोळशानं माझं नाव लिहिणार होते, पण तिनं चेहऱ्यावरूनच ओळखलं, म्हणाली, मायले पेज पाजणारी पोरगी. चूल पेटवून चहा ठेवला. माझी आई कशी आहे ते विचारलं. मी ती पुस्तकवाली हे तिला माहीत नाही. शाळेच्या पुस्तकपेटीतून काहीतरी आलं आणि गाव फिरलं, एवढंच तिला ठाऊक.

तिनं खड्यांबद्दल तक्रारीचा चकार शब्द काढला नाही. पाळ खचते, खडे कामी येतात, म्हणाली. तिचं दुःख वेगळंच होतं. दिवेलागणीला तिला कुणी पाळीवर फिरकू देत नाही. "सोळा वरसं झाले, मी रिंकूले हाक नाई मारली. तिले वाटत असन, माय विसरली."

मग माझा हात धरून म्हणाली, "तू शिकली सवरली हायस बाई. तुहं आयकतीन. सांग त्याईले." मी मान हलवली. सांगेन, असं तोंडानंही म्हटलं. तिनं माझे ओठ नीट पाहून घेतले.

२१ नोव्हेंबर

डबा घेऊन आलेल्या प्रेमिलाबाईंना सहज विचारलं की रोज संध्याकाळी आईला हाका मारते ती पोर कुणाची. त्या डब्याचं झाकण उघडता उघडता थांबल्या. म्हणाल्या, "इकडं कोणाची पोर येत नाई बाई. दिवेलागणीले पाळीवर कोणीच येत नाई." मग मला ऐकू येतं का, असं हळूच विचारलं. मी नाही म्हटलं.

येतं. आजही आलं. माय वं, माय. आवाज आईला बोलावणाऱ्या पोरीचा नाही, हरवलेल्या पोरीचा आहे. जिनं ऐकायला हवं ती शंभर पावलांवर बसली आहे आणि तिचा कान मी घालवला.

खिडकी लावून घेतली. भीतीपेक्षा लाजेनंच जास्त.

२३ नोव्हेंबर

बिंग फुटलं. शाळेतले प्रफुल सर जुनं पुस्तक घेऊन धावत आले, मागच्या पानावर काळ्या साडीतला माझा फोटो. गावाचं नाव तुम्ही महाराष्ट्रभर नेलं मॅडम, म्हणाले. परवा शाळेत सत्कार. मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, हेच बरं. सगळं गाव समोर असेल, हातात माईक असेल. सांगून टाकायचं: बायांनो, भावांनो, हे मी रचलं. रंभाबाई कुणाला ओढत नाही, ती फक्त स्वतःच्या लेकीला बोलावत होती. तिला पाळीवर जाऊ द्या.

चार वाक्यं. पाठ केली आहेत.

२५ नोव्हेंबर

शाल, श्रीफळ, लेझीम. दीडशे पोरं पटांगणात मांडी घालून. मागे बाया, इस्तारीभाऊ फेटा बांधून पुढच्या खुर्चीत. पटांगणाच्या कुंपणापलीकडे ती उभी होती. तिला ऐकू येत नाही, पण ओठ पाहत होती माझे.

मी माईक घेतला. पहिलं वाक्य ओठांवर होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक पोर ओरडली, भुताची मावशी, गोष्ट सांगा ना! आणि टाळ्या पडल्या. किती दिवसांनी टाळ्या ऐकल्या. मी म्हटलं, आधी एक छोटीशी गोष्ट, मग बोलू. म्हातारी सांगितली. आवाज काढून सांगितली. शेवटी मी हात वर केला आणि दीडशे पोरं एका दमात, पाच खडे, एकच दार! माझी मूठ हवेत, खडा फेकल्यासारखी.

कुंपणाकडे पाहिलं तेव्हा ती वळून चालली होती.

मग आभारप्रदर्शन झालं. चार वाक्यं राहिली. उद्या घरोघर जाऊन सांगेन.

२६ नोव्हेंबर

रंभा गेली.

काल शाळा सुटल्यावर पोरं ओरडत सगळी एकदम तिच्या दारावर गेली होती. ती खडे उचलायला बाहेर आली असावी. सकाळी दाराशी सापडली. कानशिलावर जखम. घसरून पडली, असं सगळे म्हणाले. मीही इथे आधी 'घसरून पडली' लिहिलं होतं. खोडलंय.

घमेलं तिच्याजवळच होतं, अर्धं भरलेलं.

२७ नोव्हेंबर

इस्तारीभाऊंना सगळं सांगितलं. सगळं, पोह्यांपासून. ते ऐकून घेत राहिले आणि मग समजूत घातल्यासारखं हसले. "कायले मनाले लावून घेता बाई? तुमी तं पुस्तकात लिवलं. हे इथी आमच्या आज्यापासून हाय." मी शपथ घेतली. पुस्तकाचं पहिलं पान दाखवलं, त्यावरचं साल दाखवलं. ते म्हणाले, तुम्ही कुठूनतरी आमचंच ऐकलं असेल.

खोटं माझ्यापेक्षा मोठं झालं. आता खऱ्याला जागाच नाही.

संध्याकाळी मी स्वतः पाळीवर गेले. रंभाच्या जागी बसले आणि रिंकूला हाक मारली. एकदाच. दुसऱ्यांदा धीर झाला नाही. पाण्याकडची हाक थांबली. ऐकत असावी. मग पाण्यात काहीतरी हललं, काठाकडे — मी पळत आले. मागे न बघता. माझाच उपाय.

प्रेमिलाबाई डबा घेऊन वाटेत उभ्या होत्या. त्यांनी मला तिथून येताना पाहिलं. डबा जमिनीवर ठेवून गेल्या.

२८ नोव्हेंबर

सकाळी दारावर आवाज. मोजले. पाच.

डबा आला नाही. प्रफुल सरांचा फोन लागत नाही. भर दुपारी हाक आली. दुपारी! काठावरून. पाण्यातून नाही — काठावरून.

२९ नोव्हेंबर

ऑटोवाल्यानं पाळीवर यायला नकार दिला. रस्त्यापर्यंत चालत जाईन, पण रंभाच्या घरावरून जावं लागतं. तिथवर जाऊन परत आले. तिचं दार उघडं आहे. उंबऱ्यावर पाणी आहे. आत कुणाला तरी शोधून बाहेर आलेल्या ओल्या पावलांचं —

पोरं पुन्हा आली. दहा होती, पंधरा होती. पत्र्यावर खडे वाजतायत. त्यांना वाटतं पाळीवर म्हातारी हवीच. एक गेली, दुसरी आहे. मीच शिकवलं.

आरशात पाहिलं. आहे खरी म्हातारी.

३० नोव्हेंबर

दार खालच्या बाजूनं वाजतंय. लहान हात. वर पोचत नाही तेवढा.

माय वं.

पहिली.

माझ्या पुस्तकात तिसऱ्या हाकेला ओ देणारा पाण्यात जातो. ते मी लिहिलं. खरं काय होतं, मला माहीत नाही. रंभाला कधी विचारलंच नाही. तिनं कधीच कुणाला ओढलं नव्हतं — तर लेक तरी कशाला —

बाहेर पोरं ओरडतायत. हाक नको मार, हाक नको मार. यांना ही दिसत नाही का? इतकी दारापाशी —

माय वं.

दुसरी.

पळायला मागची खिडकी आहे. लहान आहे, पण जाईन मी. मग ही दार वाजवत राहील. सोळा वर्षं मायला शोधतेय. मी ओठांनी वचन दिलं होतं. चार वाक्यं. दीडशे जणांसमोर जमली नाहीत, एकीसमोर तरी —

कडी काढली आहे. वही हातातच आहे, हात थांबत नाही —

तिसरी.

ओ. ओ, रिंकू. आले गं. तुझी माय विसरली नव्हती. तिला हाक मारू दिली नाही. कुणी ते सांगते, थांब, सांगते. मीच तिला